पाच रविवार

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून मेंढपाळांची एक वाडी आहे. चाळीसेक घरं, घराघरापुढं काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा, आणि मधोमध खंडोबाचं देऊळ. देऊळ म्हणजे पत्र्याखाली एक चौथरा आणि त्यावर ओंजळीत मावेल एवढा देव. पण या ओंजळभर देवाचा दरारा असा, की वाडीत घराला कुलूप लावायची पद्धत नाही. कुणाचं कोंबडं चुकून दुसऱ्याच्या अंगणात गेलं तरी संध्याकाळी मालकाला परत मिळतं. आता यातला दरारा देवाचा किती आणि नामाजीचा किती, हे खुद्द देवालाही सांगता आलं नसतं.

नामाजी त्या देवाचा पुजारी. साठी ओलांडली तरी अंगानं काटक, आणि आवाज असा की माळावरून हाक मारली तर कालव्यापलीकडची मेंढरं माना वर करत. पूजा त्याच्या घरात आज्यापासून चालत आलेली. पण नारळ फोडायला कुणीही पुजारी चालतो. नामाजीकडं लोक यायचे ते बेलभंडाऱ्यासाठी. चोरी झाली, बांधाची कुरबूर झाली, कुणाच्या पोरीबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं, की पोलिसात जायच्या आधी माणसं देवळात येत. ज्याच्यावर आळ, त्यानं देवाच्या डोक्यावरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उजव्या हातानं उचलायचा आणि म्हणायचं, मी हे केलं नाही. मग पाच रविवारांची मुदत. मुदतीत त्याच्या घरात माणूस दगावलं, जनावर दगावलं, किंवा कुणी अंथरूण धरलं, तर शपथ खोटी. पाच रविवार सुखाचे गेले तर माणूस सुटला. साक्षीपुरावे, वकील, तारखा, कसली म्हणून भानगड नाही.

जो खोटा ठरायचा त्याला कुणी मारत नसे. फक्त त्याच्या कळपाजवळ कुणी कळप लावत नसे, त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नसे, त्याच्या लेकराबाळांना सोयरीक येत नसे. असं वाळीत टाकणं गुन्हा आहे, तसा कायदा झालाय, असं शाळेतल्या गुरुजींनी एकदा सांगून पाहिलं होतं. पण शेजारी आपल्याकडं पाणी पीत नाही अशी फिर्याद घेऊन कोणत्या ठाण्यात जायचं, ते गुरुजींनाही सांगता आलं नाही.

नामाजीची बायको चंद्रभागाबाई हिचं आणि देवाचं मात्र निराळंच होतं. सकाळी चौथरा झाडायला गेली की ती देवाशी बोलत बसायची. “उठा मल्हारी, ऊन वर आलं, किती लोळता?” थंडीत त्याच्या अंगावर घोंगडीचा तुकडा टाकायची. रोज रोज तेच खाऊन तोंडाची चव गेली असेल म्हणून नैवेद्याच्या भाकरीवर कधी गुळाचा खडा, कधी शेंगदाण्याची चटणी ठेवायची. नामाजीच्या डोक्यात तिडीक जायची.

“देव हाये का जावई हाये तुझा? देवाला भ्यावं लागतं.”

“भ्यावं जावयालाच लागतं,” ती म्हणायची. “ह्यो तर घरचा हाये.”

नामाजीला वाटे, बाईमाणूस, हिला काय कळतंय. भीती आहे म्हणून माणसं सरळ आहेत. भीती गेली की उद्या एकमेकांच्या माना धरतील. हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही.

त्याची नात राणी सहा वर्षांची, पहिलीत जाणारी, तोंडाची टकळी कधी बंद नाही. एकदा तिनं विचारलं, “आबा, देव रागावल्यावर कसा दिसतो?” नामाजीनं डोळे वटारून, दात खाऊन दाखवलं. पोरगी हसून हसून लोळली. “हा तर तुमीच हाये!” म्हणाली. बाकी कुणाची असं बोलायची छाती नव्हती. तिच्यापुढं नामाजीचं मेण होई.

तर त्या दिवाळीआधी वाडीतला देवाचा एडका नाहीसा झाला. देवाच्या नावानं सोडलेला मेंढा कुणाच्या एकाच्या मालकीचा नसतो. तो कुठंही चरतो, कुणाच्याही दारात उभा राहतो, आणि लोक त्याला हात जोडून दाणे घालतात. वाडीतल्या जगननं दोन वर्षांपूर्वी नवस फेडायला तो सोडला होता, म्हणून शोधाशोध त्यानंच केली. एडका मिळाला नाही. पण त्याच आठवड्यात नामाजीच्या पोरानं, बजरंगनं, हिंगोलीच्या बाजारात आपल्या कळपातले दोन एडके विकले होते हे त्याला कळलं. जगन माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा डोक्यात किडा वळवळला की तो गप्प बसत नसे. त्यानं चार माणसांत विचारलं, “पुजाऱ्याच्या पोरानं देवाचं नेलं तर मग विचारायचं कुणाला?”

इथं नामाजीनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तो भर देवळात उभा राहून म्हणाला, “माझं पोरगं हाये म्हणून काय झालं? देवापुढं सगळे बराबर. उचल बजरंग.”

बजरंगनं बेलभंडारा उचलला. “म्या एडका नेला न्हाई, विकला न्हाई, मारला न्हाई,” तो म्हणाला, आणि बापाकडं पाहून जरा हसलासुद्धा. कारण दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. ज्या दिवशी एडका गेला त्या दिवशी बाप-लेक सकाळपासून धरणाच्या काठावर होते. लोकर कातरायची म्हणून दोघांनी मिळून सगळी मेंढरं पाण्यात घालून धुतली होती. पण बापाची साक्ष लेकाच्या कामाला येत नाही. नामाजीला तिची गरजही वाटली नाही. खरं आहे ते देवाला दिसतंच आहे, मग घाबरायचं कशाला?

चार रविवार गेले. पाचव्याच्या आधीच्या सोमवारी राणी शाळेतून आली ती दप्तर टाकून भिंतीला टेकून बसली. डोकं दुखतंय म्हणाली. दिवेलागणीच्या आत अंग तव्यासारखं तापलं.

बजरंगची बायको अंजली हिनं पोरीला मांडीवर घेतलं. “औंढ्याला दवाखान्यात नेऊ,” ती म्हणाली. “सध्या डेंगीचा ताप लई हाये म्हणतेत.” बजरंगनं खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली काढली होती.

“थांब,” नामाजी म्हणाला.

सगळे थांबले. चंद्रभागाबाई पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

“आज सोमवार. येत्या रविवारी मुदत सरती. सहा दिवस. आता पोरगी गाडीवर घालून वाडीतून नेली की संपलं. घरात अंथरूण धरलं, एवढंच लोकायला दिसणार.” तो आवाज खाली आणून म्हणाला, “लेकरांला ताप येतो अन् जातो. मीबी लहानपणी दहादा तापलो. कोणत्या दवाखान्यात गेलतो?”

“पण बा, आपून खोटं न्हाई ना,” बजरंग म्हणाला.

“म्हणूनच. खोटं नसून खोटं ठरायचं का? उद्या तुझ्या कळपाजवळ कोण येईल? हिचं लग्न कुठं करशील?”

बजरंगनं किल्ली परत खुंटीला अडकवली. त्याला दोष देणं सोपं आहे. पण त्या वाडीत जन्माला आलेल्यानंच तो द्यावा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी त्या घरानं मूठ झाकली. शाळेत सांगितलं, राणी मामाच्या गावाला गेली. दार दिवसभर ओढून घेतलं. पोरगी कण्हली की अंजली टीव्हीचा आवाज वाढवी. औंढ्यातल्या मेडिकलमध्ये जगनचा भाचा कामाला, म्हणून तापाच्या गोळ्या आणायला बजरंग मंगळवारी थेट हिंगोलीला गेला. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोरच्या दुकानातून त्यानं गोळ्यांची एक पट्टी घेतली. फाटकातून माणसं लेकरं घेऊन आत जात होती. तो गोळ्या खिशात घालून परत फिरला.

बुधवारी सकाळी नामाजी चौथऱ्यावर बसला असताना जगन आला. देवाला हात जोडले, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, “काका, राणी दिसंना दोन रोज.”

“मामाकडं गेली.”

“शाळा बुडवून?”

“गेली तशी येईल. लेकरू हाये.”

जगन गेला. नामाजीचं त्यानंतर लक्ष लागेना. तीस वर्षं या चौथऱ्यावर बसून त्यानं माणसांना खोटं बोलू नका म्हणून दरडावलं होतं, आणि आज देव हातभर अंतरावर असताना तो धडधडीत खोटं बोलला होता. त्यानं वळून पाहिलं. देव जसा होता तसाच होता, डोक्यावर सकाळचं बेलाचं पान. काही झालं नाही. काही होत नाही याची नामाजीला फार भीती वाटली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्या दुपारी त्याच्या मनात नको ते आलं. धरणावर मेंढरं धुऊन झाल्यावर दोघं भाकरी खाऊन बाभळीखाली आडवे झाले होते. नामाजीला डोळा लागला होता. तासभर असेल, कमीजास्त. त्या तासात बजरंग कुठं होता? एरवी हा विचार त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. पण आत पोरगी तापानं फणफणत होती. देव विनाकारण मारत नाही हे त्यानं जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. मग कारण कुठंतरी असलंच पाहिजे.

त्यानं बजरंगला वाड्यामागं गाठलं.

“मी झोपलो व्हतो तवा तू कुठं व्हतास?”

बजरंगला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या हातातला पाल्याचा भारा तसाच राहिला.

“बा, तुमीबी?”

“मी फकस्त इचारून राहिलो.”

“तुमच्या शेजारी बसलो व्हतो. माशा मारत व्हतो तुमच्या तोंडावरच्या.” बजरंगचे डोळे भरले. मग तोच म्हणाला, “पण बा, मागं एकदा लोकायच्या शेतातला हरभरा उपटून खाल्लता म्या. अन् अंजलीच्या आधी एका पोरीला शब्द दिलता. त्याचं तर नसंल हे?”

तिथून पुढं बजरंग पोरीजवळ बसला की तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत असायचा. तो एकेक जुनी चूक काढून देवापुढं मांडत होता, यातली कोणती ते सांग म्हणत होता.

चंद्रभागाबाईचं देवाशी बोलणं त्या आठवड्यात कमी झालं होतं. ती सकाळी जाई, चौथरा झाडी आणि त्याच्या पायाशी डोकं टेकून उगीच बसून राही. घरी आली की ओल्या फडक्यानं पोरीचं अंग पुसत बसे.

शुक्रवारी पहाटे राणीचा ताप उतरला.

नामाजीनं कपाळाला हात लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. कपाळ गार होतं. तो भिंतीला धरून खाली बसला. मग उठून देवळात गेला, देवाला पाण्यानं न्हाऊ घातलं, मूठभर भंडारा उधळला. “पावलास बाबा, पावलास,” म्हणून तो लहान पोरासारखा रडला. जन्मात पहिल्यांदा त्याला देवाबद्दल भीती सोडून दुसरं काहीतरी वाटलं. घरी येऊन त्यानं राणीच्या कपाळावर भंडारा लावला. पोरगी बोलली नाही. पोट दुखतंय एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. थकली असेल, चार दिवस तापानं खाल्लंय, झोपू द्या, असं सगळ्यांनी ठरवलं.

नऊच्या सुमाराला दारावर थाप पडली. दारात भिकाबाई उभी होती.

भिकाबाई वाडीच्या अगदी कडेच्या घरात एकटी राहते. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यावर कालव्यावरची पाण्याची मोटार चोरल्याचा आळ आला होता. त्यानं बेलभंडारा उचलला, आणि तिसऱ्या रविवारी त्यांचा चार वर्षांचा पोरगा गेला. शपथ खोटी, असं नामाजीनंच चौथऱ्यावरून सांगितलं होतं. नवरा पुढं ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून भिकाबाई कुणाच्या दारात जात नसे आणि कुणी तिला बोलावत नसे.

“काय पायजे?” नामाजीनं दार अडवून विचारलं.

“अंजली चार दिस झाले नळावर आली न्हाई. दिवसा दार लावलेलं घर कसं दिसतं ते मला ठावं हाये, भाऊजी. पोरगी कुठं हाये?”

“मामाकडं.”

भिकाबाईनं त्याला हातानं बाजूला केलं. नामाजीला असं बाजूला करणारं माणूस त्या वाडीत नव्हतं, म्हणून की काय, तो झाला बाजूला. ती आत जाऊन अंथरुणाजवळ बसली. कपाळाला हात न लावता तिनं पांघरूण सारून राणीचे तळपाय हातात घेतले.

“गार पडलेत,” ती म्हणाली. “हात बी बघा.”

“ताप उतरलाय,” अंजली म्हणाली.

“माझ्याबी लेकराचा असाच उतरला व्हता. आमी गूळ वाटला घरातल्या घरात. दुपारी गेलं ते.” ती नामाजीकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर नामाजीला बरं वाटलं असतं. “आमीबी लपवलं व्हतं, भाऊजी. दोन रविवार राहिले व्हते. तुमच्या भ्यावानं लपवलं. माझ्या मालकानं मोटार चोरली नव्हती.”

अंजलीनं पोरीला उचललं आणि उघड्या दारातून बाहेर पडली. बजरंग तिच्यामागं धावला. कुणाची तरी जीप दारात उभी होती ती तशीच घेतली. भर दिवसा, सगळ्या वाडीच्या देखत, जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली. मागच्या बाकावर नामाजी राणीचे पाय आपल्या धोतरात गुंडाळून चोळत बसला होता. जगन रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं जीपमध्ये कोण आहे ते पाहिलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी धावपळ केली, सुया टोचल्या, सलाइनं लावली, कुठं कुठं फोन केले. डेंगी आहे, पेशी फार कमी झाल्यात, अंगातलं पाणी शिरांबाहेर चाललंय, असं त्यांनी समजेल तसं सांगितलं. “या तापात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो,” त्या म्हणाल्या. “बुधवारी आणलं असतं तरी चाललं असतं. का नाही आणलं? काही अडचण होती का?”

नामाजीनं तोंड उघडलं. देवाची अडचण होती असं म्हणायला त्याची जीभ वळेना.

शनिवारी सकाळी दहा वाजता राणी गेली. दुपारी वाडीमागच्या माळावर तिला पुरलं. मूठभर माणसं आली, लांब उभी राहिली आणि मातीचा एकेक खडा टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाचवा रविवार.

देवळापुढं एवढी माणसं नामाजीनं जत्रेतही पाहिली नव्हती. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. सगळे पुजाऱ्याच्या तोंडाकडं पाहत होते, कारण निकाल त्याच्या तोंडून यायचा होता. बजरंग चौथऱ्याशी उकिडवा बसला होता, दाढी वाढलेली, डोळे कोरडे. भिकाबाई अकरा वर्षांनी देवळाच्या अंगणात आली होती.

नामाजी उभा राहिला. रात्रभर त्यानं शब्द जुळवले होते, पण बोलताना ते काही आठवले नाहीत.

“राणीला देवानं न्हाई नेलं,” तो म्हणाला. “म्या नेलं. सोमवारी ताप आला. बजरंगनं गाडीची किल्ली काढली व्हती. म्या थांबवलं. तुमच्या भ्यावानं, देवाच्या भ्यावानं, माझी पुजारकी जाईल ह्या भ्यावानं. माझं पोरगं खरं हाये. एडका गेला त्या दिवशी ते दिवसभर माझ्यासंगं व्हतं. अन् ही भिकाबाई, हिचंबी लेकरू देवानं नेलं नव्हतं. तेबी मीच.” त्याचा तो माळ गाजवणारा आवाज मधेच फाटला. “आजपासून ह्या देवळात कुणी बेलभंडारा उचलायचा न्हाई. माझं ऐका. माणसं मरून राहिली, बाबा हो, ह्या भ्यावानं.”

मग जगन पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. उलट तो हादरला होता.

“काका,” तो हळू म्हणाला, “तुमची तकलीफ समजती आमाला. लेकासाठी बाप बोलणारच.”

“लेकासाठी न्हाई, जगन! खरं हाये म्हणून बोलून राहिलो!”

“एडका म्या नेला.”

हे बजरंग बोलला. बसल्या जागेवरून, खाली मातीकडं पाहत.

“म्याच नेला. बाजारात विकला. खोटी शपथ घेतली.”

“काय बोलतूस रे?” नामाजी त्याच्या अंगावर धावला, त्याला खांद्याला धरून हलवू लागला. “माझ्या तोंडावरच्या माशा मारत व्हतास तू! काहून खोटं बोलतूस?”

बजरंगनं मान वर केली.

“मग ती कशापायी गेली, बा?” तो म्हणाला. “म्या काहीच केलं नसंल तर ती कशापायी गेली? उगीच गेली का? पाच दिस आपून टीव्ही लावून बसलो अन् ती उगीच गेली का? तसं नका म्हणू. म्या चोरी केली म्हणून गेली. मला तसंच ऱ्हाऊ द्या.”

नामाजीचे हात त्याच्या खांद्यावरून खाली आले.

एडका कुणाला विकला, केवढ्याला विकला, हे बजरंगला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. एडक्याचं काय झालं ते आजवर कळलेलं नाही. कालव्यात पडला असेल, नाहीतर रस्त्यानं जाणाऱ्या कुणी उचलून नेला असेल. पण लोकांना ते हवंच नव्हतं. गर्दीतून एक म्हातारा पुढं आला आणि चौथऱ्यापुढं लांबच्या लांब आडवा पडला. “जागता देव हाये,” तो म्हणाला. “पुजाऱ्याच्या घरालाबी सोडलं न्हाई.” मग दुसरा, मग तिसरा. बाया आपल्या लेकरांची डोकी धरून देवापुढं टेकवू लागल्या. लेकरं घाबरून रडत होती. नामाजी ओरडून काहीतरी सांगत होता, पण नारळ फुटायला सुरुवात झाली आणि त्या गलक्यात त्याचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. भिकाबाई तेवढी उभी राहिली थोडा वेळ, मग पदर डोक्यावर ओढून आपल्या घराकडं चालू लागली.

दुपारी नामाजी घरी आला. बजरंग माळावर जाऊन बसला होता. अंजली आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. चंद्रभागाबाई चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. सकाळच्या गर्दीत ती आली नव्हती. त्या दिवशी चौथराही तिनं झाडला नव्हता.

नामाजी उंबऱ्यात बसला. 

“तू देवाशी येवढं बोलायचीस,” तो म्हणाला. “मी तुला जनमभर हसलो. खरं सांग, तुला कधीच भ्याव वाटलं न्हाई त्याचं?”

“त्याचं न्हाई वाटलं,” ती म्हणाली.

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

“तुमचं वाटायचं. सोमवारी पोरीच्या कपाळाला हात लावला तवाच मला कळलं व्हतं, हिला न्यायला पायजे. तोंडापर्यंत आलं व्हतं माझ्या. तुमच्याकडं पाह्यलं अन् गिळलं.” ती चुलीतली थंड राख हातानं सारखी करू लागली. “त्यानं आडवलं नव्हतं मला. त्याला इचारलं असतं तर त्यो ऊठ म्हणला असता, घेऊन जा म्हणला असता. मला ठावं व्हतं. तरीबी गिळलं.”

बाहेर देवळाकडून नारळ फुटल्याचे आवाज अजून येत होते. आत अंजली कण्हली. चंद्रभागाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिला पाणी द्यायला गेली.